पडद्यावर मराठी मोडतं तेव्हा: आधी निदान, मग दुरुस्ती

गारगोटीत संगणकावर मराठीत काम करणारी माणसं बरीच आहेत. शाळेचे दाखले लिहिणारे कारकून आहेत, सेवा केंद्र चालवणारे आहेत, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे डीटीपीवाले आहेत, शिक्षक आहेत आणि आता कोड लिहिणारी मुलंमुलीही आहेत. या सगळ्यांची एक तक्रार सारखीच असते. ‘मराठी टाइप केलं होतं नीट, पण उघडलं तर मोडलेलं दिसतंय.’ कधी वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, कधी जोडाक्षर फुटतं, कधी नुसत्या चौकटी दिसतात, तर कधी रोमन अक्षरांचा कचरा.

यावर आपण करतो काय? जे मोडलेलं दिसतं ते तिथेच खोडून ‘नीट दिसेल’ असं पुन्हा टाइप करतो. आजच्या व्याख्यानात आम्हाला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, की हा उपाय बऱ्याचदा मूळ दुखण्यापेक्षा घातक असतो. मजकूर ‘असणं’ आणि मजकूर ‘दिसणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड या दोनपैकी कुठे आहे हे ठरवल्याशिवाय मजकुराला हात लावायचा नाही.

साठवण वेगळी, मांडणी वेगळी

आपल्या शेजारच्या तालुक्याचं नाव घेऊ, गडहिंग्लज. कागदावर आपल्याला पाच अक्षरं दिसतात: ग, ड, हिं, ग्ल, ज. संगणकात मात्र नऊ खुणा साठवलेल्या असतात: ग, ड, ह, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, हलन्त, ल, ज. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे एकूण २७ बाइट.

आता नीट बघा. साठवणीत वेलांटी ‘ह’च्या नंतर आहे, कारण आपण उच्चार करतो तो ‘ह’ आणि मग ‘इ’. पडद्यावर मात्र ती ‘ह’च्या आधी काढावी लागते. ‘ग’ आणि ‘ल’ यांच्यामध्ये हलन्त आहे, पण तो दिसायला नको. त्याच्या जागी अर्धा ‘ग’ यायला हवा. ‘धर्म’ या शब्दात र आणि हलन्त हे ‘म’च्या आधी साठवलेले असतात, पण रफार काढायचा असतो ‘म’च्या डोक्यावर. ही सगळी उलथापालथ दरवेळी, मजकूर दाखवताना करावी लागते. म्हणूनच देवनागरीला, आणि तशाच अरबी, तमिळ, ख्मेर अशा लिप्यांना, संगणकाच्या भाषेत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणतात. लिपी आपल्याला अवघड नाही हो, ती दाखवणाऱ्या यंत्राला अवघड आहे.

हे काम दोघं मिळून करतात. एक फाँट, ज्यात अर्धी अक्षरं, रफार, जोडाक्षरं यांच्या आकृत्या आणि त्या कधी वापरायच्या याचे नियम असतात. दुसरं म्हणजे मांडणी करणारा प्रोग्राम, त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. विंडोजमध्ये बरीच वर्षं हे काम युनिस्क्राइब करत आलं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांच्यात ते हार्फबझ करतं. टेक्स्ट एडिटरने हे इंजिन वापरलंच नाही, किंवा निवडलेल्या फाँटमध्ये नियमच नसले, तर मजकूर शंभर टक्के बरोबर असूनही मोडलेला दिसतो.

म्हणून ‘गारगोटी’ हे नाव चाचणीला उपयोगाचं नाही. त्यात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही, रफार नाही. ते जवळपास कुठेही नीटच दिसेल. चाचणीसाठी आम्ही चार शब्द सुचवतो: गडहिंग्लज, विद्यापीठ, धर्म आणि शेतकऱ्यांना. हे चार नीट दिसले, तर एडिटर आणि फाँट दोन्ही धड आहेत असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

लक्षणावरून दुखणं ओळखा

डॉक्टर जसे आधी लक्षणं विचारतात तसं इथेही आहे. सहा लक्षणं लक्षात ठेवा.

पहिलं, रिकाम्या चौकटी. प्रत्येक अक्षराच्या जागी □ दिसत असेल तर फाँटमध्ये ते अक्षरच नाही. मजकूर सुरक्षित आहे. फाँट बदला: विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, इतरत्र नोटो सान्स देवनागरी. या चौकटींना इंग्रजीत गमतीने ‘टोफू’ म्हणतात, आणि ‘टोफू नको’ म्हणून त्या फाँटमालिकेचं नाव नोटो. फक्त ‘ॲ’च्या जागी चौकट येत असेल, तर फाँट जुना आहे. मराठीचा हा ‘ॲ’ स्वतंत्र खूण म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फाँटांकडून त्याची अपेक्षा करता येत नाही.

दुसरं, फुटलेली जोडाक्षरं. सगळीकडे हलन्त उघडे पडलेत, वेलांटी अक्षराच्या मागे लटकते आहे, रफार जागेवर नाही. मजकूर बहुधा सुरक्षित आहे, मांडणी होत नाही एवढंच. जुन्या विंडोज एक्सपीवर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा आधार कंट्रोल पॅनेलमधून वेगळा बसवावा लागत असे, तेव्हा हे दृश्य घरोघरी होतं. आज ते तीन ठिकाणी दिसतं. एक, टर्मिनल. विमसारखा एडिटर टर्मिनलमध्ये चालतो तेव्हा अक्षरांची मांडणी टर्मिनलच्या हातात असते, आणि बहुतेक टर्मिनल पडद्याचे सारख्या रुंदीचे चौकोन पाडून एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवतात. ‘ग्ल’ त्या चौकोनांत बसत नाही. दोन, जुने प्रोग्राम. ईमॅक्समध्ये हार्फबझ आलं ते २७व्या आवृत्तीत, २०२० साली. तीन, डीटीपी. फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडावी लागते. ती निवडली नाही तर पत्रिकेवरचं नाव फुटलेलं छापलं जातं.

तिसरं, तुटक वर्तुळ, म्हणजे ◌ असं चिन्ह आणि त्याला चिकटलेली मात्रा किंवा वेलांटी. इथे सावध व्हा. मात्रेला आधाराला व्यंजन सापडलं नाही, असं इंजिन तुम्हाला सांगतं आहे. बहुतेक वेळा मजकूरच चुकलेला असतो: वेलांटी आधी टाइप केली आहे, किंवा दोन मात्रा लागोपाठ आल्या आहेत. मात्र कोड एडिटरमध्ये याला एक अपवाद आहे. शोधलेलं अक्षर रंगवून दाखवताना किंवा शब्दाच्या मध्येच रंग बदलताना काही एडिटर व्यंजन आणि मात्रा यांची फारकत करतात. तेव्हा मजकूर नीट असूनही वर्तुळ उमटतं. रंग काढला की वर्तुळ जातं. गेलं नाही तर दोष मजकुरात आहे.

चौथं, रोमन कचरा. याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या मागोमाग चलनाची चिन्हं, असं तेच ते दर तीन अक्षरांनी येत असेल, तर मजकूर यूटीएफ-८ आहे आणि प्रोग्रामने तो चुकीच्या सांकेतिक पद्धतीत वाचला आहे. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८मध्ये एकाच बाइटने सुरू होते, म्हणून तोच ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. इथे काहीही टाइप न करता, मुख्य म्हणजे जतन न करता, फाइल बंद करा आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केल्यावर हे हमखास होतं. त्याऐवजी रिकामी एक्सेल उघडून ‘डेटा’मधून मजकूर-फाइल आत घ्या आणि ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

दुसऱ्या प्रकारात साधीच रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं वेडीवाकडी आलेली असतात. हा मजकूर युनिकोडपूर्व फाँटातला आहे. कृतीदेव, श्रीलिपी, आकृती अशा जुन्या पद्धतींमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ते मराठी नसतंच, ती मराठीसारखी दिसणारी रोमन अक्षरं असतात. तो फाँट काढला की मुखवटा उतरतो. नुसता फाँट बदलून हा मजकूर युनिकोड होत नाही. त्याला परिवर्तक लागतो, आणि तोही त्याच फाँटाचा. एका फाँटाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही.

पाचवं, प्रश्नचिन्हांची रांग. हे सर्वांत वाईट. कोणीतरी मराठी मजकूर अशा पद्धतीत जतन केला, की ज्यात मराठीला जागाच नाही. प्रत्येक खुणेच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. मूळ अक्षर गेलं ते गेलं, कोणताही फाँट ते परत आणणार नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९पर्यंत ‘ॲन्सी’ ही पद्धत आपोआप निवडलेली असे. मराठी जतन करताना तो सूचना द्यायचा, आणि माणसं घाईत ‘ओके’ करायची. नंतर यूटीएफ-८ हीच मूळ निवड झाली. जुन्या यंत्रावर काम करत असाल तर आजही ती सूचना वाचा.

याच जातीचा एक धाकटा भाऊ आहे: नावाच्या शेवटी काळ्या चौकोनातलं एकच प्रश्नचिन्ह. एखाद्या रकान्याची मर्यादा ५० बाइट असेल तर त्यात मराठीच्या १६ खुणा मावतात आणि दोन बाइट उरतात. सतरावी खूण मध्येच कापली जाते, ती अशी दिसते. रकाना वाढवणं हाच त्यावर उपाय.

सहावं, कापलेली शिरं. रफार, अनुस्वार किंवा वरच्या मात्रा अर्ध्या कापलेल्या दिसतात. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली असते, एवढंच कारण. एडिटरच्या मांडणीत ओळीची उंची वाढवा. मजकुराला काही झालेलं नाही.

‘शेतकऱ्यांना’ या एका शब्दाची गोष्ट

आता जिथे ‘दिसणं’ नीट असतं आणि ‘असणं’ बिघडलेलं असतं, त्या उदाहरणाकडे येऊ. हे दुखणं खास आपलं आहे, हिंदीला ते फारसं ठाऊक नाही.

मराठीत ‘र’ पुढच्या य किंवा ह ला दोन तऱ्हांनी जोडला जातो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. एकात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र, पापणीसारखा. भुदरगडासारख्या दऱ्याखोऱ्यांच्या तालुक्यात हा र टाळून चालणारच नाही.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा देवनागरीची रचना आयएससीआयआय या भारतीय मानकाच्या आधारावर केलेली होती. पण या पापणीवाल्या र साठी स्वतंत्र खूण नाही. तो मिळवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे नुक्तावाला ‘ऱ’ आणि हलन्त. हा ‘ऱ’ द्राविडी भाषांतला एक र लिहिण्यासाठी आहे, पण त्याचं अर्धं रूप आपल्या कामी येतं. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण. पहिला रस्ता पसंतीचा आहे, दुसरा जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून मान्य आहे.

डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडमध्ये सारख्या दिसणाऱ्या काही रूपांचं एकीकरण करण्याची सोय आहे, पण ती या दोन रस्त्यांना एक मानत नाही. म्हणजे एका यादीत ‘कुऱ्हाडे’ पहिल्या रस्त्याने लिहिलं आहे आणि तुम्ही दुसऱ्या रस्त्याने शोधलंत, तर उत्तर येणार, ‘नोंद सापडली नाही’. नाव यादीत आहे, समोर दिसतं आहे, तरी सापडत नाही. गोऱ्हे, बोऱ्हाडे, वऱ्हाडे, सगळ्यांची हीच गत. ‘ॲ’चंही तसंच. एक खूण म्हणून लिहिलेला ‘ॲ’ वेगळा आणि ‘अ’ला चंद्र लावून केलेला वेगळा.

आता सुरुवातीचा मुद्दा आठवा. समजा, एखाद्या एडिटरला ‘ऱ्य’ची मांडणी जमत नाही. तिथे बसलेल्या माणसाला ‘शेतकऱ्यांना’ फुटलेला दिसतो. तो काय करतो? ‘शेतकर्यांना’ असं रफाराने लिहितो, कारण ते निदान फुटलेलं तरी दिसत नाही. किंवा वेलांटी मागे पडलेली दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी टाइप करतो. त्याच्या पडद्यावर आता सगळं छान. पण ती फाइल चांगल्या यंत्रावर गेली की तिथे तुटकी वर्तुळं आणि चुकीचे शब्द. पडद्याचं दुखणं मजकुरात उतरलं आणि तिथे कायमचं राहिलं. दाखल्यावर, सातबाऱ्यावर, मतदार यादीत असलं एक नाव बसलं, की त्या माणसाला ‘हा मीच’ हे सिद्ध करत फिरावं लागतं. अक्षरांची किंमत ही अशी असते.

मग करायचं काय?

क्रम साधा आहे.

आधी फाइलची प्रत करा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

मग मजकुराचा तुकडा दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा, ब्राउझर त्यासाठी उत्तम. तिथे नीट दिसला तर दोष एडिटरचा किंवा फाँटचा. तिथेही तसाच मोडला तर दोष मजकुरात असण्याची शक्यता जास्त.

तरीही शंका राहिली तर साठवलेल्या खुणाच बघा. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच मागे कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स दाबा, शेवटच्या खुणेचा क्रमांक दिसतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. विममध्ये कर्सर अक्षरावर ठेवून जी आणि ए दाबा. ‘ऱ’चा क्रमांक ०९३१, साध्या ‘र’चा ०९३०, ‘ॲ’चा ०९७२. एवढे तीन पाठ असले तरी पुष्कळ काम होतं.

त्यानंतरच उपाय. दोष दिसण्यात असेल तर फाँट, एडिटर किंवा मांडणीची निवड बदला. इथे एक बारकावा आहे. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीसाठी फाँटचा वेगळा रकाना असतो, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ किंवा ‘सीटीएल’ नावाचा. रोमनच्या रकान्यात फाँट बदलून मराठीवर परिणाम होत नाही, आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. दोष मजकुरात असेल तर तो उच्चाराच्या क्रमाने पुन्हा टाइप करा: आधी व्यंजन, मग मात्रा.

आणि दिसलेली प्रत्येक वेगळी गोष्ट बिघाड नसते. पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असा हलन्त उघडा ठेवून छापलेला शब्द तुम्ही पाहिला असेल. तो मुद्दाम तसा आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं दिसण्याऐवजी हिंदी वळणं दिसत असतील, तर मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवून बघा. काही फाँट तेवढ्यावर वळण बदलतात.

दोन प्रश्न

व्याख्यानानंतर विचारले गेलेले दोन प्रश्न सगळ्यांच्या उपयोगाचे आहेत, म्हणून इथे देतो.

पहिला प्रश्न असा, की आम्ही टाइपरायटरच्या पद्धतीने शिकलो, मराठी टायपिंग ३० आणि ४०च्या परीक्षा दिल्या. बोटांना वेलांटी आधी मारायची सवय आहे. आता इनस्क्रिप्ट शिकलंच पाहिजे का? सक्ती नाही. कळफलक वेगळा आणि साठवण वेगळी. रेमिंग्टन पद्धतीचे युनिकोड कळफलक मिळतात, ते वेलांटी आधी घेऊनही साठवताना योग्य जागी ठेवतात. तसा कळफलक निवडला आहे ना, एवढं तपासा. नव्याने शिकणाऱ्यांनी मात्र इनस्क्रिप्टच शिकावं. त्यात टाइप करण्याचा क्रम आणि साठवणीचा क्रम एकच असतो. ‘ऱ्य’ लिहायचा तर शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरकी रेघ, झालं.

दुसरा प्रश्न, कार्यालयात पंधरा-वीस वर्षांच्या फाइली जुन्या फाँटात आहेत, त्यांचं काय? मूळ फाइली आणि तो फाँट दोन्ही जपून ठेवा, कारण फाँट हरवला तर ती फाइल वाचण्याची किल्लीच हरवली. परिवर्तन करा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. परिवर्तक चुकतात ते ठरावीक जागी: जोडाक्षरावरची वेलांटी, रफार आणि आपला पापणीवाला र. म्हणून सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान माणसांची आणि गावांची नावं मूळ प्रतीशी ताडून बघा. बाकी शब्द चुकला तर वाचणारा सांभाळून घेतो. नाव चुकलं तर ज्याचं नाव आहे त्यालाच हेलपाटे पडतात.

आज इथेच थांबू.